हाकेला ओ न देणारी मुले

आपल्याकडे मूल आठ-नऊ महिन्यांचे झाले की संध्याकाळी आजोबा त्याला कडेवर घेऊन अंगणात येतात आणि बोट वर करून चांदोबा दाखवतात. सुरुवातीला मूल आजोबांच्या बोटाकडेच पाहत राहते. वर्षाच्या आसपास त्याला उमगते की बोटाकडे नव्हे, बोट जिकडे वळले आहे तिकडे पाहायचे असते. मग थोड्याच दिवसांत ते स्वतःच बोट दाखवू लागते. काऊ, भूभू, रस्त्यावरून जाणारी बस. दाखवून झाले की वळून आपल्या तोंडाकडे पाहते. मी पाहिले ते तुम्हीही पाहिले ना, अशी ती खात्री असते.

इतकी रोजची गोष्ट, की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. पण मुलाच्या भाषेचा पाया इथेच घातला जातो. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे पाहायचे आणि मग त्या गोष्टीला नाव द्यायचे. ज्या मुलांना पुढे ऑटिझमचे निदान होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत हे बोट उशिरा येते किंवा येतच नाही. मूल चांदोबाकडे पाहत नाही असे नाही. कधीकधी ते तासभर पाहते. पण त्या पाहण्यात ते आजोबांना सोबत घेत नाही.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द छान आहे, पण थोडा फसवा आहे. स्वमग्न म्हटले की एखादा चिंतनात बुडालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. या मुलांचे तसे नसते. जग त्यांच्यापर्यंत येते, कित्येकदा फार जोरात येते. मिक्सरचा आवाज, लग्नातला बँड, शर्टाच्या कॉलरचे टोचणारे लेबल हे सारे त्यांना असह्य होते. त्या जगातल्या माणसांशी देवाणघेवाण कशी करायची, हे मात्र त्यांना इतर मुलांसारखे आपोआप उमगत नाही. ते शिकवावे लागते आणि लवकर शिकवावे लागते. हा लेख त्या 'लवकर'विषयी आहे.

काय पाहायचे, ते आधी सांगून टाकते. मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, आपली नक्कल करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आलेले शब्द गेले. 'मामा', 'पापा' म्हणणारे मूल दीड वर्षाच्या सुमारास गप्प झाले, तर एक दिवसही थांबू नये. यांपैकी एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझमच, असे मुळीच नाही. ऐकू कमी येत असले तरी मूल हाकेला ओ देत नाही, म्हणून पहिली तपासणी कानांची. पण तपासणी व्हायलाच हवी.

आपल्या भागात नेमके इथेच घोडे अडते. सासूबाई म्हणतात, "बोलंल की गं, त्याचा बाप बी चार वर्सांचा झाल्यावरच बोलला." आज्जी जिभेला वेखंड उगाळून लावतात. कोणी सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोलते. यातले काही वाईट हेतूने होत नाही आणि श्रद्धेला माझा आक्षेप नाही. नवस बोलायला हरकत नाही, फक्त तो फळण्याची वाट पाहत डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. मुलगी असेल तर आणखी उशीर होतो. ऑटिझमचे निदान मुलींच्या तिपटीहून अधिक प्रमाणात मुलग्यांत होते हे खरे. पण त्यामुळेच गप्प बसून एका कोपऱ्यात बाटल्यांची झाकणे ओळीने मांडणारी मुलगी घरात 'लाजरी' आणि 'गुणाची' ठरते, आणि पहिलीत गेल्यावर बाईंच्या लक्षात येते.

हे दुर्मीळ आहे असेही समजू नये. २०१८ मध्ये देशातील पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्या पाच ठिकाणांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. बुद्धी, वाचा, श्रवण, ऑटिझम अशा मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ प्रकारच्या अडचणींपैकी किमान एक साधारण आठांतल्या एका मुलात आढळली. ऑटिझमचे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक धरले जाते. म्हणजे निपाणीच्या किंवा खानापूरच्या एखाद्या मोठ्या प्राथमिक शाळेत अशी तीन-चार मुले असणारच.

आईवर येणारा बोल

निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो तो कुणामुळे झाले, हा. आणि उत्तर बहुधा आईकडेच येते. नोकरी करते म्हणून, मोबाइल दिला म्हणून, ग्रहणात बाहेर गेली म्हणून. हा बोल केवळ आपल्याकडच्या अडाणीपणाचा म्हणावा तर तसेही नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन पहिल्यांदा केले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे तिथले मोठमोठे तज्ज्ञ आईच्याच थंडपणाला दोष देत होते. तशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' असे नावच पडले होते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ती कल्पना घराघरांत नेली. ती खोडून काढण्याचे मोठे काम बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या आधीच, १९६४ मध्ये केले होते. ते स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. आज एवढे नक्की माहीत आहे की ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा १९९८ चा इंग्लंडमधला लेख २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. मोबाइलमुळे ऑटिझम होतो हेही सिद्ध झालेले नाही. मोबाइलचा दोष वेगळा आहे. तो घरातल्या माणसांचा वेळ खातो. इंग्रजी बाराखडी तोंडपाठ म्हणणारे आणि तहान लागली तरी 'पाणी' न म्हणणारे मूल हल्ली अनेक घरांत दिसते.

वर्तन-उपचार म्हणजे काय

आम्ही महाविद्यालयात बी. ए. च्या वर्गाला स्किनरचा उंदीर शिकवतो. उंदीर खटका दाबतो, दाणा मिळतो, म्हणून पुन्हा दाबतो. ज्या कृतीमागून हवेसे काही मिळते ती कृती वाढते. परीक्षेत यावर टीप येते, मुली ती पाठ करून लिहितात आणि विसरून जातात. त्या टिपेचा सर्वांत मोठा उपयोग ज्यांना होतो, ते लोक मात्र वर्गाबाहेर असतात.

हेच तत्त्व ऑटिस्टिक मुलांसाठी पद्धतशीरपणे वापरले ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील इव्हार लोव्हास यांनी. १९८७ मध्ये त्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहान वयाच्या एकोणीस मुलांना आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, एकास एक शिकवले गेले. त्यांतली नऊ मुले साध्या शाळेत पहिलीत नीट बसू शकली आणि त्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारण पातळीला आला. या आकड्याने जगभरच्या आईबापांना आशा दिली. एबीए नावाने हे उपचार सर्वत्र पसरले, आणि 'चाळीस तास' हा शब्द मंत्रासारखा झाला.

पण त्या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणत्या मुलाला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे निष्कर्षावर पुढे पुष्कळ टीका झाली. आणि लोव्हास यांच्या पद्धतीत चुकले की जोरात ओरडणे, मांडीवर चापट मारणे हेही होते. १९६० च्या दशकातल्या त्यांच्या प्रयोगांत तर विजेचे झटकेही दिले गेले. ज्यांनी लहानपणी अशी शिकवणूक सोसली ते आज मोठे झाले आहेत, बोलतात, लिहितात. डोळ्यांत डोळे घालून पाहा, हात हलवू नकोस, गप्प बस असे शिकवून आम्हाला आज्ञाधारक केले, पण मनातले सांगायला शिकवले नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे आहे. माझ्या मते ही टीका रास्त आहे. मूल शांत बसले म्हणजे सुधारले, हा समज आपल्या शाळांतही काही कमी नाही.

सुदैवाने पद्धतही बदलली. खुर्चीत बसवून घोकून घेण्याऐवजी खेळता-खेळता, जेवता-खाता, मुलाला ज्यात रस आहे ते धरून शिकवायचे, असा कल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढला. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या 'डेन्व्हर' पद्धतीचा अभ्यास २०१० मध्ये आला. त्यात दीड ते अडीच वर्षे वयाची अठ्ठेचाळीस मुले होती, आणि या वेळी चिठ्ठ्या टाकूनच गट केले होते. दोन वर्षांनी ही पद्धत मिळालेल्या मुलांची भाषा आणि समज दुसऱ्या गटापेक्षा पुढे गेली. आपल्या राज्यात, बेंगळुरूला, डॉ. प्रतिभा कारंत यांनी २००० मध्ये 'कम्युनिकेशन डील' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात सहा वर्षांखालच्या मुलांना लहान गटांत वाचा, हालचाल, खेळ यांचे एकत्र शिक्षण दिले जाते.

हे शिकवणे प्रत्यक्षात कसे असते? चिरमुऱ्यांचे उदाहरण घेऊ. मुलाला चिरमुरे आवडतात. एरवी ते आईचा हात धरून डब्याकडे ढकलते, किंवा रडते, आणि आई डबा काढून देते. आता आईने काय करायचे? चिरमुरे पारदर्शक बरणीत, घट्ट झाकणाखाली, मुलाला दिसतील पण उघडता येणार नाहीत असे ठेवायचे. मूल बरणी घेऊन आले की लगेच उघडायची नाही. त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसायचे आणि पाच-सात सेकंद थांबायचे. हे थांबणेच सर्वांत अवघड. मुलाने आपल्याकडे पाहिले, बरणी पुढे केली, 'चि' असा काही आवाज काढला, की त्याच क्षणी, "चिरमुरे! हं, चिरमुरे" म्हणत चार दाणे द्यायचे. वाटीभर नाही, चारच. म्हणजे ते पुन्हा मागेल. पंधरा मिनिटांत वीस वेळा मागण्याची संधी मिळते. काही दिवसांनी नुसत्या पाहण्यावर नाही, बोट दाखवल्यावर द्यायचे. नंतर आवाजावर. मग शब्दावर. मूल रडकुंडीला येईपर्यंत ताणायचे मात्र नाही. मागण्यात मजा आहे हे त्याला कळायला हवे.

चड्डी घालायला शिकवायचे असेल तर पायऱ्या पाडायच्या आणि शेवटच्या पायरीपासून सुरुवात करायची. आईने चड्डी कमरेपर्यंत आणून ठेवायची, शेवटचे ओढणे फक्त मुलाने करायचे आणि लगेच शाबासकी. मग गुडघ्यापासून वर ओढणे त्याचे. मग एक पाय घालणे त्याचे. काम दरवेळी पूर्ण होते आणि पूर्ण करणारा तोच असतो.

आणि हट्टाचे? इथे वर्तनशास्त्राची एक साधी वही उपयोगी पडते. तीन रकाने आखायचे. आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. समजा मूल आठवडी बाजारात जमिनीवर लोळण घेते. एका मुलाच्या वहीत दिसेल की दर वेळी खेळण्यांच्या हातगाडीपाशी हे होते आणि दर वेळी गाडी विकत मिळते. दुसऱ्याच्या वहीत दिसेल की ध्वनिक्षेपक सुरू झाला की हे होते आणि आई घाबरून घरी नेते. दोघांची लोळण सारखीच, पण पहिल्याला 'मला हवे' हे सांगायला शिकवायचे आहे आणि दुसऱ्याच्या कानांना त्रास होतो आहे. दुसऱ्याला बाजार शांत असताना न्यायचे, कानावर टोपी घालायची, 'पुरे' म्हणायला किंवा हाताने तसे दाखवायला शिकवायचे. दोघांनाही धपाटा घालून काही साधत नाही.

घाट उतरल्यावर

आता मुख्य अडचण. हे सगळे करायला माणसे कुठे आहेत? निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. बेंगळुरू तर रात्रभराचा प्रवास. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या किंवा घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला हजारावर मजुरी मिळते. आठवड्यातून तीन दिवस मुलाला घेऊन केंद्रात बसली तर घरात काय येणार? आठवड्याचे चाळीस तास तर सोडाच.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या अगदी शेजारी शोधले गेले आहे. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे १९९६ पासून 'संगत' ही संस्था मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत तर तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांकडून काम होईल का, हा तिच्या कामाचा गाभा. डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये तयार झालेली एक पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बदलून घेतली. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी तिची पारख झाली. (दोन देशांचे बाकी काही जुळो न जुळो, आयांच्या अडचणी जुळल्या.) दोन ते नऊ वर्षे वयाची पासष्ट मुले घेतली. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना तिच्या जोडीला ही नवी पद्धत. निष्कर्ष २०१६ च्या 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले.

पद्धत अशी. प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती पंधरवड्यातून एकदा, सहा महिन्यांत बारा वेळा भेटते. आई आणि मूल थोडा वेळ नेहमीसारखे खेळतात आणि त्याचे चित्रीकरण होते. मग आई आणि कार्यकर्ती दोघी मिळून ते पाहतात. चुका काढायच्या नसतात. जिथे काही जुळले तिथे चित्र थांबवायचे. इथे तुम्ही प्रश्न विचारला नाहीत, नुसत्या थांबलात, आणि पाहा, त्याने गाडी तुमच्याकडे ढकलली. आईला तेव्हा दिसते की मूल आपल्याशी काही बोलतच नाही असे नव्हते. ते इतके हळू, इतके निसटते बोलत होते की घाईत दिसले नाही. मग घरी रोज अर्धा तास तेच करायचे. मुलावर प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. ते ताटली फिरवत असेल तर आपणही शेजारी बसून दुसरी ताटली फिरवायची. ते थांबून आपल्याकडे पाहील. तिथून पुढे जायचे.

फरक पडला. ही पद्धत मिळालेल्या आईबापांचे मुलाच्या कलाने वागणे-बोलणे बरेच वाढले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणेही वाढले. मात्र दोघांनी मिळून एका गोष्टीकडे पाहण्यात जो वेळ जातो तो उलट कमी भरला, हेही अभ्यासकांनी लपवले नाही. सहा महिन्यांत ऑटिझम पळाला असा दावा कोणी केला नाही आणि म्हणूनच मला तो अभ्यास विश्वासार्ह वाटतो. ज्या मूळ इंग्लिश पद्धतीवरून तो बेतला, तिच्यातील मुलांना साधारण सहा वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा लक्षणांतला फरक टिकलेला आढळला होता.

मग चाळीस तासांचे काय? २०२४ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून हाच प्रश्न तपासला गेला. तास वाढवले की फायदा त्या प्रमाणात वाढतो, याला भक्कम आधार मिळाला नाही. याचा अर्थ तज्ज्ञ नकोत असा नाही. वाचा-उपचार, हालचालींचे उपचार, जिथे मिळतील तिथे घ्यावेतच. पण विड्या वळणाऱ्या बाईने किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने 'मी चाळीस तास देऊ शकले नाही' म्हणून रात्र-रात्र रडावे, असे त्यात काही नाही. अंघोळ, जेवण, कपडे, झोपताना हातावर बोट फिरवत म्हटलेले बडबडगीत हे मिळून तासच होतात. आणि ते फक्त आईनेच का भरायचे? चांदोबा दाखवणारे आजोबा घरातच आहेत.

कोणत्या भाषेत?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखांत कधी येत नाही, पण आपल्याकडे तो पहिल्याच दिवशी उभा राहतो. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारी उर्दू आणि ज्या शाळेत नाव घालायचे ती इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटल्यावर कुणीतरी सल्ला देतो की भाषांचा गोंधळ होतोय, एकच भाषा ठेवा. आणि ती एक भाषा म्हणून बहुतेक वेळा इंग्रजी सुचवली जाते. मग जिला इंग्रजीची पंचवीस वाक्ये येतात ती आई मुलाशी त्या पंचवीस वाक्यांत बोलू लागते. कम हिअर. सिट डाउन. व्हॉट इज धिस? आज्जीला तर बोलायची बंदीच होते.

ओळखीच्या एका घरात मी हे पाहिले. तीन वर्षांच्या नातवाशी सहा महिने आज्जी खुणांनीच बोलत होत्या, कारण 'त्याला मराठी ऐकू द्यायचे नाही'. आज्जी विहिरीच्या, म्हशींच्या, पावसाच्या गोष्टी सांगणाऱ्या. त्या गप्प झाल्याने त्या मुलाचे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर अभ्यासही आहेत. कॅनडातले माँट्रियल हे आपल्यासारखेच दोन भाषांचे आणि भाषेवरून भांडणारे शहर. तिथल्या ऑटिस्टिक मुलांचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला. दोन भाषा ऐकत वाढलेली मुले एका भाषेत वाढलेल्यांपेक्षा भाषेत मागे पडलेली आढळली नाहीत. नंतर इतर देशांतही असेच दिसले. म्हणजे दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे अडत नाही. अडते ते मोठ्यांचे. ज्या भाषेत आपल्याला लाडाने बोलता येते, रागावता येते, खोटे-खोटे घाबरवता येते, चिरमुऱ्यांना चार नावे देता येतात, ती भाषा घरात हवी. शाळेची कन्नड किंवा इंग्रजी तिच्या शेजारी येऊ दे. कन्नडिग घरांनाही हेच लागू आहे. त्यांच्या आज्जींनी मुलाशी कन्नडच बोलावे. तज्ज्ञ कन्नड बोलणारे असतील आणि घर मराठी असेल, तर पहिले वीस शब्द कोणते शिकवायचे याची यादी आईने मराठीत लिहून द्यावी आणि केंद्रात तेच शब्द वापरायला सांगावे. भिडेखातर गप्प बसू नये.

सरकारी सोयींविषयी थोडक्यात. २०१३ पासून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' देशभर आहे. त्यात अंगणवाडी आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करायची आणि वाढीत अडचण दिसली तर जिल्हा पातळीवरच्या त्वरित हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. अंगणवाडीत पथक येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नये आणि 'सगळे ठीक आहे' असे सांगून टाकू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. भारतीय मोजपट्टीवर, चाळीस मुद्द्यांच्या आधारे, त्याचे प्रमाणपत्र मिळते. यूडीआयडी कार्ड देशभर चालते. कोल्हापुरात उपचार आणि चिक्कोडी तालुक्यात घर असणाऱ्यांच्या दृष्टीने, सीमा आड न येणारा हा एक तरी कागद आहे. प्रमाणपत्र घेतले की मुलावर शिक्का बसेल म्हणून अनेक घरे टाळाटाळ करतात. कागद कपाटात ठेवता येतो, पण नसला तर शाळेत सवलत मागता येत नाही.

आणि एक इशारा. 'स्टेम सेल'ने ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्या जाहिराती आपल्या भागातही पोहोचतात. लोक त्यासाठी शेत गहाण टाकतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. उंटिणीचे दूध, शरीरातले 'विष' काढणारी औषधे, प्राणवायूच्या पेट्या यांचाही आधार तसाच पोकळ आहे. ऑटिझम हा बरा करायचा आजार नाही. काही मुले पुढे कॉलेजात येतात, काहींना आयुष्यभर सोबत लागते, आणि दोन वर्षांच्या मुलाकडे पाहून ते कोणालाच सांगता येत नाही. सांगणारा भेटला तर त्याच्यापासूनही लांब राहावे.

हल्ली आपल्याकडेही उपचार-केंद्रांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. काही चांगली आहेत, काही नुसती पाटी. मूल घालण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्यांचे प्रशिक्षण कशात झाले आहे? वाचा-उपचाराला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्ती आहे का? पुढच्या तीन महिन्यांत नेमके काय शिकवणार आणि ते आले की नाही हे कसे मोजणार? मूल रडले तर काय करता? चुकले तर काय करता? घरी काय करायचे ते दर आठवड्याला सांगणार का? आणि शिकवताना आईला आत बसू देतात का, हे जरूर विचारावे. मूल दाराशी घेऊन दार लावून घेत असतील आणि तासाने परत हातात देत असतील, तर दुसरे केंद्र पाहावे.